धन्याची शिट्टी

नेस्टाच्या नवऱ्याची शवपेटी खांद्यावर घेऊन सहा जण फाटकाशी पोचले आणि मॉटनं त्यांची वाट अडवली. वेल्समधल्या नेस्टाच्या गोठ्यावरचा हा बुटका कॉर्गी कुत्रा टाचांना चावून गाई वळवायचा. धन्याच्या हुकुमाशिवाय फाटकाबाहेर कुणाला सोडायचा नाही. आज त्यानं माणसांच्याच टाचा धरल्या. "वहिनी, आवरा की ह्याला! तिकडे पाद्री खोळंबलेत," धाकटा दीर कळवळला. "माझं कधी ऐकलंय त्यानं, भावजी? ह्यांची शिट्टी लागते त्याला." बोलता बोलता तिचा हात कोटाच्या खिशात गेला. नवऱ्याच्या गळ्यातून सकाळीच काढलेली पत्र्याची शिट्टी तिथं होती. एक लांब फुंक म्हणजे 'जाऊ दे'. तिला फुंकवेना. खांदेकऱ्यांपैकी कुणीतरी खोकलं. अखेर डोळे मिटून तिनं लांब शिट्टी वाजवली. मॉट शहाण्यासारखा बाजूला झाला. शवपेटी बाहेर पडली, आणि तो धन्याला शोधत घराकडे धावला.