पाजल्यानंतरचा अर्धा तास

बारशाच्या फेऱ्यात पाळण्याखालून पलीकडे दिले तेव्हा बाळाने दूध टाकले. वरून परत घेतले तेव्हा ते नाकातून आले. क्षणभर श्वास अडला, ओठ निळसर झाले, आणि मग ते रडू लागले. कोमलने पुढच्या बाईच्या हातून आपले सव्वा महिन्याचे मूल काढून घेतले आणि खांद्याशी उभे धरले.

"आन इकडं. अजून चार फेरं ऱ्हायल्यात," तिच्या सासूबाई नंदाबाई म्हणाल्या.

"न्हाई."

आंदर मावळातील त्या घराच्या पडवीत बारशासाठी चाळीसेक माणसे जमली होती. बाळाच्या आधी पाळण्यात निजवतात तो वरवंटा, टोपडे घातलेला, तीट लावलेला, आपला मान घेऊन भिंतीशी विसावला होता. सारे यथाविधी चालले होते. पाजणे अर्ध्यावर असताना मूल आईच्या मांडीवरून उचलले गेले, तेही मुहूर्त पाहूनच.

"आत्ताच पाजलंय त्याला," कोमल म्हणाली. "वडगावच्या डॉक्टरीणबाई काय म्हनल्या, तुमीच ऐकलंय. पाजल्यावर अर्धा घंटा उभं धरायचं, मंग पाठीवर सपाट निजवायचं. हिंदकळायचं न्हाई."

"डाक्टरीण येनार हाय व्हय घुगऱ्या खायाला?" शेजारच्या रतनबाई म्हणाल्या. दोघीतिघी हसल्या. "उशी द्या की डोक्याखाली."

"उशी बी न्हाई."

"चार लेकरं वाडवली म्या." नंदाबाईंचा आवाज चढला. "समदी वकली, समदी ह्याच पाळण्यात निजली. मुहूर्त साडेबाराला सपतोय. तुज्या अर्ध्या घंट्यासाठी थांबल का त्यो?"

"भूक लागली तवा ह्यानं मुहूर्त इचारला न्हाई."

बाळाचा बाप अमृत फोनवर चित्रण करीत उभा होता. "कर की एवडं," तो हळूच म्हणाला. "पाव्हनं खोळंबल्यात."

"नाकातून आलं, त्ये बी घेतलं का फोनात?"

अमृतने फोन खाली केला. पुढे मात्र तो आला नाही.

कोमलच्या नव्या साडीवर आंबट दुधाचा ओघळ पसरला होता. जुन्या साड्यांना तो वास महिनाभर होताच. एका हाताने मूल सावरीत ती वाकली, दुसऱ्या हाताने तिने वरवंटा उचलला आणि पाळण्यात ठेवला. लाकूड करकरले. दोरी तिने सासूबाईंच्या हाती दिली.

"हलवा. किती बी हलवा. ह्यो वकत न्हाई."

नंदाबाईंनी दोरीकडे पाहिले, जमलेल्या माणसांकडे पाहिले, आणि दोरी ओढली.

"पिंके, नाव सांग."

बाळाची आत्या पिंकी पाळणा आणि वहिनीचा खांदा यांच्या मधोमध घुटमळली. "आई, पर बाळ तर..."

"वाक म्हनते ना."

पिंकी वाकली. टोपड्याखाली जिथे कान असायचा, तिथे तिने नाव उच्चारले. प्रथेप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपके घातले, पण कोणाच्या हातात जोर नव्हता. रतनबाईंनी घुगऱ्यांचे पातेले पुढे ओढले आणि कोणाकडेही न पाहता वाटायला घेतले.

उंबऱ्याशी उभी राहून कोमल मुलाची पाठ खालून वर चोळीत होती. बऱ्याच वेळाने एक लहानशी ढेकर आली. तरीही ती तशीच उभी राहिली. मग पातळ गोधडीवर तिने त्याला उताणे, सपाट ठेवले. मुठी सैल सोडून ते निजले. त्याचे नाव अद्याप त्याच्या कानी पडले नव्हते.

मुहूर्त केव्हाच सरला होता. पुरे असे कोणी म्हणेना, म्हणून नंदाबाई अजून दोरी ओढीतच होत्या. टोपडे घसरून काळा दगड उघडा पडला होता.