दार का फोडलं

वकीलबाई उभ्या राहिल्या की त्या समोरच्या बाजूच्या, म्हणजे सरकारी वकील. बसल्या की आपल्या. खटल्याची तालीम अशीच करायची, असं ठरलं होतं. तरी त्या उभ्या राहिल्या की कुलूपवालाही खुर्चीतून अर्धा उठायचा आणि बायको सदरा ओढून त्याला खाली बसवायची.

उभ्या.

"दार का फोडलं?"

कुलूपवाल्याने सांगितलं. वरच्या मजल्यावर टायपिंगच्या बाई एकट्या राहतात. न्हाणीघरात घसरून पडल्या. आतून हाका मारत होत्या.

"ते बाईंनीही सांगितलंय. मी विचारतेय, फोडलं का? अख्ख्या गल्लीची कुलपं तुम्ही ओरखडा न उठवता उघडता. याच दाराला पहार का लावली?"

घाई होती, तो म्हणाला.

पहारीलाच जास्त वेळ लागला, असं शेजारी सांगतात. शिवाय आदल्या आठवड्यात तो घरमालकाला चारचौघांत म्हणाला होता, जिन्याखालचं माझं दुकान हलवलंस तर तुझं एकेक दार फोडीन. म्हणाला होता की नाही?

रागात माणूस काहीही बोलतो, कुलूपवाला म्हणाला. लग्न ठरलं तेव्हा मी हिला बंगला बांधून देईन म्हणालो होतो.

"त्याची फिर्याद मी अजून दिलेली नाही," बायको म्हणाली.

बसल्या.

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंचा जीव वाचला, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. पण मालकाचं म्हणणं असं, की याने निमित्त साधलं आणि जुना राग दारावर काढला. जाणूनबुजून नुकसान केलं, एवढं सिद्ध झालं की शिक्षा. तुरुंगसुद्धा होऊ शकतो.

"काका, तुमचा हात चांगला आहे, हाच त्यांचा पुरावा आहे."

"हात चांगला आहेच," कुलूपवाला म्हणाला आणि तो हात त्याने मांडीखाली सारला.

उभ्या.

"दार का फोडलं?"

या वेळी त्याने दुसरं उत्तर दिलं. अवजारं खाली दुकानात राहिली होती.

"आणि पहार?"

तीही दुकानातच होती.

"म्हणजे खाली गेलात, अवजारं तिथेच ठेवलीत आणि पहार तेवढी घेऊन आलात."

कुलूपवाला मांडीखालच्या हातावर आणखी रेलला.

"की कुणी आणून दिली?"

"मीच आणली," तो घाईने म्हणाला. "दुसरं कुणीच नव्हतं तिथे. तसं लिहून घ्या."

"मी आणली," बायको म्हणाली.

उभ्याच राहिल्या. कुणाच्या बाजूने, ते विसरून.

बायको सांगत होती ती वकीलबाईंना, पण बघत होती खिडकीकडे. हाका ऐकून तीही याच्या मागोमाग जिना चढली होती. वळणावर थांबली. अवजारांची पिशवी याच्या खांद्यालाच होती. तार कुलपात जाईना. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट दाबून धरलं, तरी जाईना. खाली पडली, उचलली, पुन्हा पडली. आत बाई देवाचा धावा सोडून याच्या नावाने हाका मारत होत्या. मग ती पावलं न वाजवता खाली गेली आणि पहार घेतली. वर येताना मात्र मुद्दाम धपधप पाय आपटत आली. तार खिशात घालायला याला वेळ मिळावा म्हणून.

कुलूपवाल्याने मान वर केली नाही.

"तुला दिसलं होतं?"

"अहो, कधीपासून मी तुम्हाला अर्धाच कप चहा देते. तो संपला की पुन्हा अर्धा. तुम्हाला काय वाटलं, दूध महाग झालं?"

त्याला तसंच वाटलं होतं. मित्रांत त्याने तसं सांगितलंही होतं.

वकीलबाई सावकाश बसल्या. हेच कोर्टात सांगायचं, त्या म्हणाल्या. हात चालला नाही म्हणून फोडलं. खरंही तेच आणि वाचवणारंही तेच. पण सांगायचं ते सगळ्यांसमोर. मालक असेल, गल्लीतले दुकानदार असतील.

मग उद्या माझ्याकडे कुलूप घेऊन कोण येणार, असं त्याने विचारलं. बायको म्हणाली, चाव्या तर मशीनवर होतात, ते मशीन मी चालवीन. तुम्ही शेजारी बसा आणि चुका काढा, ते तुम्हाला छान जमतं.

त्याला हसू आलं, पण ते त्याने ओठांतच ठेवलं. मग मांडीखालचा हात काढून टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. चष्म्याची काडी टेबलावर बारीक वाजायला लागली. वकीलबाईंनी चष्मा उचलला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, त्या जरा वेळाने म्हणाल्या. नुसत्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. न्यायाधीश कदाचित एखादं कुलूप समोर ठेवायला लावतील आणि उघडा म्हणतील. तेव्हा नाटक करायचं नाही. मनापासून प्रयत्न करायचा. उघडणार नाहीच, आणि तिथे आपण सुटू.

कुलूपवाल्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"आणि नेमकं त्या दिवशी उघडलं तर?"

वकीलबाई काही समजावणार होत्या. पण त्याच्या आवाजात भीती नव्हती.

"उघडलं तर उघडलं," बायको म्हणाली. "तुरुंगात डबा घेऊन येईन मी."