चौदावं उत्तर

‘तुमची तंत्रज्ञान योजना तयार आहे,’ असं त्या ईमेलमध्ये लिहिलं होतं. गोची अशी, की योजना कुणी मागवलीच नव्हती.

सेक्रेटरींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सेवाभावी संस्थांनी एका वेबसाइटवर जाऊन वीस प्रश्नांची उत्तरं भरायची. मग संगणक कोणते घ्यावेत, नोंदी कशा ठेवाव्यात, याचा सगळा आराखडा ती वेबसाइट करून देणार, आणि तोही फुकट. फुकट म्हटल्यावरच त्यांना वास आला. खाली भरलेली उत्तरं जोडली होती. ती वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं, फोनवरच्या ताईंना आपल्या टेबलापाशी उभं केलं आणि दार लावलं.

संस्था आजाऱ्यांच्या घरी खाटा, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या वापरायला द्यायची. डॉक्टर तिचे विश्वस्त. ताई अकरा वर्षं फोन घेत होत्या. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तोही संस्थेच्याच खाटेवर. कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बाई डुलकी घेत होत्या. चाळीस वर्षांपूर्वी कुबड्यांच्या एका जोडीवर ही संस्था बाईंनी उभी केली. आता वय ब्याऐंशी. दुपारी दोन ते चार त्यांची झोप, हे सगळ्यांना पाठ होतं, म्हणून सेक्रेटरी तापले तेसुद्धा हळू आवाजात.

“ऐका. प्रश्न तिसरा. एखादी वस्तू कुणाकडे आहे हे शोधायला किती वेळ लागतो? उत्तर काय, तर ‘बाई जाग्या असतील तर दोन मिनिटं. झोपल्या असतील तर उठेपर्यंत.’”

डॉक्टरांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यावर निभावलं.

“नोंदी कुठे ठेवता? ‘खोक्यातल्या कार्डांवर. बाईंचं अक्षर फक्त बाईंना लागतं. हल्ली त्यांनाही लागत नाही.’ घरातलंच कुणीतरी आहे हे, डॉक्टर. अस्तनीतला निखारा!”

“पुढचं वाचा,” डॉक्टर म्हणाले. त्यांची नजर स्क्रीनवर खाली गेली होती.

सेक्रेटरी अडखळले. मग त्यांनी वाचलं.

“नोंदींच्या गोंधळामुळे कधी नुकसान झालं का? ‘गेल्या महिन्यात ऑक्सिजनचं मशीन नऊ दिवस एका घरात नुसतं पडून होतं. तिथला पेशंट आधीच गेला होता. दुसऱ्या घरी मशीन हवं होतं, त्यांना आपण शिल्लक नाही म्हणून सांगितलं. त्यांची मुलगी रोज फोन करायची. दहाव्या दिवशी तिचा फोन आला नाही.’”

“हे खरं आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“खरं-खोटं नंतर बघू. माहीत कुणाकुणाला होतं ते महत्त्वाचं. मला, आणि फोन घेणाऱ्याला. बाईंच्या जिवाला लागेल, म्हणून कुठे बोलायचं नाही असं ठरलं होतं आपलं. ठरलं होतं ना, ताई?”

“हो,” ताई म्हणाल्या.

“आणि उत्तरं भरलीत सहा दिवस, रोज तीनच्या सुमाराला. वेळ दिलीय इथं. तेव्हा मी गोदामात असतो. डॉक्टर दवाखान्यात. संगणकापाशी कोण असतं?”

“मी असते.”

“दुसरं कोण?”

ताईंनी एकदा कोपऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाईंसमोर हे सगळं निघाल्याची लाज वाटली असणार, असं सेक्रेटरींनी ताडलं. पाणी कुठे मुरतंय ते त्यांना कळून चुकलं होतं.

“तुम्ही भरलंत?”

“नाही, सर.”

“मग कुणी?”

“ते मला सांगता यायचं नाही.”

एव्हाना डॉक्टर चौदाव्या प्रश्नापर्यंत पोचले होते. ‘नवी व्यवस्था आणण्यात सर्वांत मोठा अडथळा कोणता? त्यावर उपाय काय?’ त्यांनी उत्तर दोनदा वाचलं, मग जवळजवळ कुजबुजत म्हणाले, “‘बाई. त्यांना काढा. तोंडावर कुणी म्हणणार नाही.’”

आता मात्र सेक्रेटरींचा आवाज चढला. “बाईंना काढा? बाईंनी दोनदा राजीनामा लिहून दिला. दोन्ही वेळा मी ह्या हातांनी फाडला, त्यांच्यासमोर! आणि ज्यांच्या घरी बाईंची खाट, त्यांनी असं लिहावं? खाल्ल्या घरचे वासे मोजायचे?”

ताईंचे डोळे भरले. खाट उद्या परत मागतील का, एवढंच त्यांच्या मनात आलं. नवऱ्याला जमिनीवर उतरवायचं तर दोन माणसं लागतात.

“किल्ल्या ठेवा टेबलावर,” सेक्रेटरी म्हणाले. “उद्यापासून येऊ नका.”

ताईंनी पर्समधून जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. त्या आवाजानं की काय, वेताची खुर्ची कुरकुरली.

“किल्ल्या उचल गं,” बाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. “मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं त्या मशीनचं सांगितलं, आणि मला माऊस धरायला शिकवलं. एवढाच तिचा गुन्हा.”

सेक्रेटरी उभेच राहिले. “बाई, तुम्ही...?”

“काढायचं कुणाला, ते चौदाव्या उत्तरात लिहिलंय मी. आणि या खेपेला कागदावर नाही लिहिलं. तू फाडतोस.”