निशाणाच्या पुढची जागा

लष्करी लिलावात घेतलेली मोटार रेससाठी हलकी करायची म्हणून नानासाहेबांनी तिची दारं, टप, काचा, सगळं उतरवलं होतं. तळवड्याच्या माळावर, जिथं गावचे बैलगाडे पळतात, तिथं आज ती पहिल्यांदा पळवायची होती.

"निशाणाच्या पुढं मला थांबायला जागा लागेल," त्यांनी गावच्या दत्तोबांना बजावलं.

"पुढचं आमी बघतो, सायेब. तुमी निस्ती सोडा."

मोटार भरधाव निशाण ओलांडून गेली. नानासाहेबांनी ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला टेकला. आता भरवसा फक्त मोकळ्या माळाचा. त्यांनी समोर पाहिलं.

उधळलेले बैल अडवायला उभे राहतात तसे गावचे सगळे गडी आडवे उभे होते, आणि मधोमध हात पसरून दत्तोबा ओरडत होते, "येऊ द्या सायेब, आमी धरतो!"