उष्टी हळद

कनेरगाव नाक्याजवळ आमच्या जुन्या जीपमधून वाफा निघाल्या आणि माझं डोकं तापलं. "आबा, रेडिएटर बदला म्हणून कवाची सांगून राहिले!" मी वडलांवर ओरडले. भावाला लावून उरलेली उष्टी हळद वाटीत घेऊन आम्ही नवरीकडं निघालो होतो. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागणार नव्हती. "बोंबलू नको, पोरी. पाण्यात हळद टाकली की गळती बुजते." मी ढाब्यावरून हळदीची पुडी आणली, तोवर आबांनी वाटीच रेडिएटरमध्ये रिकामी केलेली! "गाडीत हळद असताना ढाब्यावर मागायची काहून?" आबांनी मलाच विचारलं. गळती थेंबाथेंबावर आली. नवरीच्या मांडवात बायका खोळंबल्या होत्या. मी रडतच सगळं सांगितलं. नवरी उठली, जीपखाली ठिपकणारा पिवळा थेंब बोटावर झेलून तिनं गालाला लावला. "लागली हळद. मामंजी, आता रेडिएटर बदला." "उद्याच बदलतो, बाई," आबा लगेच म्हणाले. पुडी माझ्या मुठीत फुटली.