तिसऱ्या वाट्याचं पाणी

पाण्यावाचून कोबीनं माना टाकल्या होत्या. नवरा बांधावर उभा राहून कोरड्या पाटाकडे बघत होता आणि बायको नवऱ्याकडे.

"येईल गं," तो म्हणाला. "कालव्यावरचा माणूस म्हणालाय, आज सोडतो."

"तो काल पण म्हणालाच होता. गड्डे धरायची वेळ आलीये, आणि आपण इथं पाटाचं तोंड बघत बसलोय!"

तो पाटात उतरला, वरपर्यंत चालत गेला, वाकून बघून परत आला. जीव थाऱ्यावर नव्हता. कालव्याचं पाणी जवळजवळ फुकट, आणि फुकटाची आशा माणसाला काही सोडवत नाही, मग तो कितीही शहाणा असो.

शेजारच्या शेतातली काकू आपल्या विहिरीवर, मोटरीच्या खोलीच्या दारात उभी होती. तिची अट साऱ्या शिवाराला पाठ होती. पाण्याच्या बदल्यात पिकाचा तिसरा वाटा तिचा. पण ठरल्या दिवशी पाणी म्हणजे पाणी. मोटर जळली तर दुसरी आणून लावणारी बाई ती!

"ठरवा लवकर!" काकू ओरडली. "वीज आलीये. आणि आधीच सांगते, एकदा माझं पाणी घेतलं की पीक निघेपर्यंत माझंच. मध्येच कालवा वाहिला म्हणून मोटर बंद करा म्हणायचं नाही. तुमच्यापायी मी दुसऱ्याला नाही म्हणणार आहे."

"काकू, तिसरा वाटा म्हणजे जरा..."

"वाळलेल्या कोबीतला नकोच मला, बाबा."

बायकोनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात वर केला. "सोडा, काकू!"

"अगं, मला विचारायचं तरी!" तो तडकला.

"तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही पुन्हा पाट बघून आला असता."

पाइप खोकला आणि धार पडली. बायको फावड्यानं सऱ्यांची तोंडं फोडत पुढं सरकू लागली. थोड्या सऱ्या भिजल्या असतील नसतील, तोच पाटातून सरसर आवाज आला. वाळका पाला पुढं ढकलत गढूळ पाणी येत होतं. कालवा!

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "घ्या! जरा दम धरला असता तर? जा, काकूला सांग, बंद करा म्हणावं. दोन्ही पाणी घेतलं तर कोबी सडेल."

काकूनं ऐकलं. मोटर चालूच ठेवली.

बायकोचं फावडं थांबलं. तिसरा वाटा काय थोडा असतो? "सांगते," ती म्हणाली. "पण पुढच्या पाण्याला कुणाच्या दारात जायचं, तेही सांगा."

कालव्याच्या पाण्यानं नवऱ्याची पावलं भिजवली होती, ते शेतात शिरायला बघत होतं. तो खाली वाकला. ओंजळी भरभरून चिखल काढला, आपल्या शेताकडचं पाटाचं तोंड बुजवलं, वर पाय देऊन दाबलं. पाणी जरा घुटमळलं, मग वळून पुढं गेलं.

"आलं रे, पाणी आलं!" खालच्या शेतातून कुणीतरी आनंदानं ओरडलं.

"आलंय," नवरा चिखलावरचा पाय न उचलता पुटपुटला, "आजच्यापुरतं."