तीन वर्षांचा सेल

गाणगापुरात आई एकटीच असते, म्हणून सुधींद्रनं स्वतः बनवलेलं बिनतारी यंत्र तिच्या दाराला लावलं. एरवी ते झोपलेलं असायचं. दारात कुणी आलं की जागं होऊन बंगळूरला त्याच्या मोबाइलवर कळवायचं; सेल खर्च व्हायचा तो तेवढ्यापुरताच. एका सेलवर तीन वर्षं चालणारं यंत्र महिन्यातच बंद पडलं.

"आई, दारात इतकं कोण येतंय गं?"

"दुपारी माधुकरी मागणारे, मग शेजारच्या अक्का, दिवेलागणीला भजनाच्या बायका. कामून? येऊ नका म्हणू का त्यांना?"

"तसं न्हाई गं. पण एकटीनं कामून राहायलीस? बंगळूरला चल माझ्याकडं."

 

तसलंच यंत्र त्याच्या बंगळूरच्या दारालाही आहे. तिथं पाचव्या वर्षीही पहिलाच सेल चालू आहे.